‘क’चे शेपूट

मंगळवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या दैनिकाचा अंक माझ्या दारात पडला. पहिल्या पानावर सहा स्तंभांत मथळा होता : ‘चिकट माणसांचे शहर’.

शहर आमचेच होते. मथळाही माझ्याच हातचा होता. त्यात काही वावगे आहे हे मला सहा वाजून बेचाळीस मिनिटांपर्यंत माहीत नव्हते. मग बायको चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाली, “अहो, हे कोणी छापलं? सगळ्या गावाला कंजूष म्हटलंय की!”

घडले ते असे. आदल्या दिवशी नदीवरच्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. हा पूल तीनदा वाहून गेला होता आणि आता चौथ्यांदा उभा राहिला होता. पाहुणे म्हणून आलेले अभियंते भाषणात म्हणाले, “ही चिवट माणसं आहेत. पूल गेले, पण ही डिंकासारखी इथेच चिकटून राहिली.” बातमीदाराने जागेअभावी पहिले वाक्य गाळले, दुसरे ठेवले आणि मथळा दिला ‘चिवट माणसांचे शहर’. मुख्य उपसंपादक म्हणून पान माझ्याकडे आले तेव्हा ते छपाईला सोडायला चार मिनिटे उरली होती. मी मजकुरात ‘चिवट’ शोधला, तो सापडला नाही. सापडला तो ‘चिकटून’. मथळा आणि मजकूर यांत तफावत असू नये, हा नियम मी एकोणतीस वर्षे इतरांना शिकवत आलो. मी लाल शाईने ‘व’ खोडून ‘क’ केला. समासात आमच्या मुद्रितशोधक बाईंनी पेन्सिलीने विचारले होते, ‘चिवट?’ त्याखाली मी लिहिले, ‘मजकूर पाहा’, आणि सही ठोकली.

‘मजकूर पाहा’ हे माझे आवडते वाक्य आहे. घरीसुद्धा कोणी मला काही सांगू लागले, की मी पावती, निमंत्रण, औषधाची बाटली, जे हाती लागेल ते पुढे करून ‘मजकूर पाहा’ म्हणतो. मुलगी लहानपणी माझी नक्कल करायची ती हेच वाक्य म्हणून.

निवृत्तीला एक महिना उरला होता. सहाव्या पानावर तळाशी ‘चूकभूल’ नावाची चौकट असते. ती मी लिहितो. एकोणतीस वर्षांत तिथे बातमीदारांच्या चुका आल्या, छायाचित्रकारांच्या आल्या, एकदा तर संपादकांचीही आली. माझी कधी आली नाही. निरोपसमारंभाच्या भाषणात हा उल्लेख होणार, हे मी गृहीत धरून चाललो होतो.

त्यामुळे संपादकांनी “हे कसं काय झालं?” असे विचारले तेव्हा मी म्हणालो, “चौकशी करतो.” वाक्य म्हणून ते निर्दोष होते. दुपारी तीन वाजता शोधकबाईंच्या टेबलावर मेमो आला, कारण अक्षराची चूक झाली की मेमो त्यांनाच जातो, अशी कचेरीची वहिवाट आहे. महिनाअखेरीच्या आत खुलासा द्यावा, असे त्यात होते. बाईंनी मेमो वाचला, घडी घातली, शब्दकोशात ठेवला आणि पुढचे मुद्रित ओढले. मी ते पाहिले. पाहिले एवढेच.

इथे टोपणनावांविषयी थोडे सांगणे भाग आहे. गावाच्या नावाला ‘कर’ लावला की तिथला माणूस तयार होतो. पण शेजारच्या गावांचे एवढ्यावर समाधान होत नाही. डोंगरावरच्या गावची माणसे बाजारात पोचतात तेव्हा धापा टाकत असतात, म्हणून ते ‘धापकर’. नदीपलीकडच्या शहरातले लोक कोणत्याही कामाला ‘हो हो’ म्हणतात आणि मग तिकडे फिरकत नाहीत, म्हणून ते ‘होहोकर’. आमची मुलगी होहोकरांत दिली आहे. ती तिथेच शाळेत शिकवते. आमच्या शहराला मात्र आजवर कोणी नाव ठेवू शकले नव्हते.

बुधवारी दुपारपर्यंत ठेवले. ‘चिकटकर’.

“बाबा,” मुलगी फोनवर म्हणाली, “आज मी वर्गात खुर्चीवरून उठले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सुटल्या!’ अख्खा वर्ग हसला. दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो, बाई, घासाघीस करणार असाल तर आधीच सांगा. आठ वर्षं राहतेय मी इथे! कोणी केलं हे?”

“चौकशी चालू आहे,” मी म्हणालो.

तेवढ्यात व्याह्यांनी फोन घेतला. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांचा विनोद अजून तास भरवतो. “काय हो चिकटकर! बोलून झालं की फोन ठेवायचा असतो, बरं का. हाताला चिकटला तर कोमट पाणी वापरा.”

मी त्याच क्षणी ठरवले, की हा शब्द मी पुसून टाकीन. हे काम दोन ओळींचे आहे अशी माझी समजूत होती.

दोन ओळी मी लगेच लिहिल्या. पण ‘चूकभूल’चा एक नियम आहे : दुरुस्तीत मूळ चूक पुन्हा छापायची नाही, नाहीतर ती दुप्पट पसरते. नियम माझाच आहे. त्यानुसार गुरुवारी छापून आले : ‘मंगळवारच्या अंकात पहिल्या पानावर “चिवट” असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ वाचकांनी मंगळवारचे अंक काढले आणि पहिल्या पानावर ‘चिवट’ शोधत बसले. तो अर्थातच कुठे नव्हता. अकरा जणांचे फोन आले. एकाने विचारले, “किती वेळा वाचायचं?”

आमच्या वरच्या मजल्यावर न्यायालयातून निवृत्त झालेले एक कारकून राहतात. जगातले प्रत्येक दुखणे अर्जाने बरे होते असे त्यांचे मत असल्याने इमारतीत त्यांना अर्जकाका म्हणतात. ते जिन्यात भेटले. “दुरुस्ती वाचली. भाषा चांगली होती. कळलं काही नाही. तुम्ही असं करा, एक अर्ज टाका.”

“कुणाकडे?”

“ते नंतर बघू. अर्ज तयार हवा.”

मी दुर्लक्ष केले. पंधरवडा गेला. नावे अशीच विरतात, आणखी आठ दिवसांत लोक विसरतील, असे मी बायकोला सांगत होतो. मग एका सकाळी स्कूटरवरून कचेरीत जाताना पुलाच्या टोकाशी मला एक शिडी दिसली. शिडीवर पेंटर होता आणि पेंटरच्या पुढे बारा फुटी फलक होता. निळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत, वळणदार आणि चुकवू म्हटले तरी नजरेतून चुकणार नाही असे, लिहिलेले होते : ‘चिकट माणसांच्या शहरात आपले स्वागत’.

मी स्कूटर उभी केली. ती आडवी झाली. ती तशीच ठेवून मी ओरडलो, “अहो, ते चुकलंय!”

पेंटरने खिशातून कागद काढून वरूनच दाखवला. नगरपालिकेचे पत्र होते. पाहुण्यांचे उद्गार फलकावर लिहावेत असा ठराव झाला होता आणि उद्गार काय याचा आधार म्हणून आमच्या अंकाचे कात्रण जोडले होते. “हे बघा, शिक्का आहे,” पेंटर म्हणाला. “मलाही वाटलं जरा वेगळं. पण म्हटलं शिकलेल्या लोकांनी ठरवलंय.”

“‘क’ नकोय. ‘व’ हवाय.”

पेंटरने मान तिरकी करून अक्षर न्याहाळले. “मग सोपं आहे की. ‘क’चं उजवीकडचं शेपूट पुसलं की झाला ‘व’. दोन मिनिटांचं काम. एक ओळीचा कागद आणा, लगेच पुसतो. कागद नाही तर हात नाही.”

अनावरण पुढच्या रविवारी सकाळी दहाला होते. त्याच रविवारी मुलगी आणि व्याही बसने आमच्याकडे यायचे होते. बस त्याच पुलावरून येते.

नगरपालिकेत चार नंबरच्या टेबलावरच्या बाबूंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले. “म्हणजे मंजूर मजकुरातलं शेपूट पुसायचं. बरोबर? मंजूर शेपूट पुसायला मंजुरी लागेल. मूळ शब्द चुकीचा होता याला पुरावा काय?”

मी ‘चूकभूल’चे कात्रण पुढे केले. त्यांनी ते दोनदा वाचले. “यात चिकट कुठे लिहिलंय?”

“ते लिहायचं नसतं.”

“मग हे ‘चिवट’ कशाच्या जागी वाचायचं, हे आम्ही कसं ठरवायचं? उद्या कोणी म्हणेल, ‘माणसांच्या’च्या जागी वाचा. चिकट चिवट शहरात आपले स्वागत.”

शेजारच्या टेबलावरच्या बाई हसून घेऊन म्हणाल्या, “पण साहेब, फरक काय दोन्हीत? अर्थ तोच ना?”

“चिवट म्हणजे तुटत नाही तो,” मी म्हणालो. “चिकट म्हणजे सुटत नाही तो.”

“आणि तुम्ही?” बाबूंनी घड्याळाकडे पाहत विचारले. जेवणाची सुट्टी सुरू होऊन वीस मिनिटे झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बाबूंनी मला पाहताच शिपायाला सांगितले, “खुर्ची द्या त्यांना. तशीही ते उठत नाहीत.” शिपाई म्हणाला, “साहेब, खरं सांगू का? बोर्ड बरोबरच आहे.” एकोणतीस वर्षे वार्ताहर परिषदांत पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला हे ऐकावे लागले. मी खुर्ची घेतली आणि बसून राहिलो.

शेवटी अर्जकाकांना शरण गेलो. त्यांनी अर्ज आधीच लिहून ठेवला होता; फक्त विषय भरायचा होता. “सह्या घेऊ,” ते म्हणाले. “सह्यांपुढे कोणाचं चालत नाही.” संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर सभा भरली आणि पाच मिनिटांत माझ्या हातून गेली.

“चिवट तरी कशाला?” समोरच्या काकूंनी सुरुवात केली. “चिवट खोकल्याला म्हणतात. माणसाला काय लावता?”

“काटक लिहा,” तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले. ते दातांचे आहेत, पण बोलतात सगळ्यावर.

“काटक म्हणजे किडकिडीत. मी काटक आहे का?” काकूंनी विचारले. यावर डॉक्टरांनी उत्तर दिले नाही, ते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत शहाणपणाचे मौन असावे.

“चिकटच राहू दे,” मागून एकजण म्हणाला. “पाहुणे कमी येतील.”

अर्जकाकांनी तत्त्वनिष्ठपणे सगळ्यांच्या सह्या त्यांच्या त्यांच्या मतासह घेतल्या. ‘चिवट’ला एकेचाळीस, ‘काटक’ला सतरा, ‘चिकट’ला एक. शुक्रवारी बाबूंनी तो कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा प्रथमच उजळला. “वा! म्हणजे आता तीन पर्याय आहेत. हे उपसमितीकडे जाईल.”

“अहो, परवा अनावरण आहे!”

“म्हणून तर म्हणतोय. नाहीतर एक करा.” आता त्यांचा आवाज खाली आला, मला वाटते, तीन दिवसांत त्यांनाही माझी सवय झाली होती. “छपाईआधीचं पान असतं ना तुमच्याकडे? त्यात ‘चिवट’ असेल आणि नंतर कोणीतरी बदललं असेल, तर ती नुसती लेखनदोषाची बाब होते. सही झाली की दुरुस्ती. कोणी बदललं ते मात्र त्यावर दिसायला हवं.”

कोणी बदलले ते त्यावर लाल शाईत दिसत होते. सहीसकट.

मुद्रिते सहा महिने शोधकबाईंच्या कपाटात राहतात. मी कचेरीत गेलो आणि त्या मंगळवारचे पहिले पान मागितले. बाईंनी कपाट उघडले नाही. टेबलाच्या खणातून लिफाफा काढून दिला. म्हणजे पान पहिल्या दिवसापासून तिथेच होते, मेमो ठेवलेल्या शब्दकोशाच्या खाली.

“तुम्ही हे संपादकांना का नाही दाखवलं?” मी विचारले.

“मी पेन्सिलीने विचारलं होतं. तुम्ही शाईने उत्तर दिलंत.” त्यांनी चष्मा पुसला. “तुमचे थोडे दिवस राहिलेत. म्हटलं, ते स्वतःच सांगतील. रोज वाट बघत होते. उद्या खुलासा द्यायचा आहे मला.”

मी पान पाहिले. समास दीड इंचाचा होता. तेवढा नसता, तर ‘चिवट’चा पुरावा राहिला असता आणि सही राहिली नसती. मी समासावर बोट किती वेळ फिरवत होतो कोण जाणे.

“कात्री देऊ?” बाईंनी विचारले.

इतक्या सौम्य आवाजात मला कोणी कधी थोबाडीत दिली नव्हती. मी म्हणालो, “नको. एक प्रत काढून द्या. संपादकांना.”

त्या संध्याकाळी संपादकांपुढे ते पान मी ठेवले. त्यांनी खणातून घडी घातलेला एक कागद काढला. मग म्हणाले, “भाषण तयार होतं हो तुमच्यासाठी.” मी म्हणालो, “दुरुस्त करून घ्या.” मग माझ्या टेबलाशी बसून मी ‘चूकभूल’ लिहिली. नियम मोडला. रविवारच्या अंकासाठी मजकूर असा दिला : ‘गेल्या महिन्यात “चिवट माणसांचे शहर”ऐवजी “चिकट माणसांचे शहर” असे छापले गेले. ही चूक मुख्य उपसंपादकांची होती. मुद्रितशोधकांनी वेळीच विचारणा केली होती.’ शोधकबाईंनी तो तपासला, एक स्वल्पविराम काढला आणि सही केली.

शनिवारी चार नंबरच्या टेबलावर बाबूंनी समास मोठ्याने वाचला. “‘चिवट?’ आणि खाली ‘मजकूर पाहा’. हे ‘मजकूर पाहा’ कोणी लिहिलं?”

“मी.”

“म्हणजे बाईंचं बरोबर होतं?”

“हो.”

“आणि इतके दिवस तुम्ही आमच्या डोक्यावर बसलात ते तुमचीच चूक दाखवायला?”

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी टंकलेखन थांबवले. शिपाई दारात उभा राहिला. मी पुन्हा हो म्हणालो. बाबूंनी फायलीत शेरा लिहिला. तो मी उलटा वाचला. उलटे वाचणे आमच्या धंद्यात शिकावे लागते. ‘सदर चूक स्वतःचीच असल्याचे अर्जदार चिकाटीने सांगत आहेत. दुरुस्तीस हरकत नसावी.’

चिकाटी. हा शब्द चिकट आणि चिवट यांच्या मधोमध बसलेला असतो, हे भाषेच्या धंद्यात आयुष्य काढून मला त्या दिवशी कळले.

“सही सोमवारी होईल,” बाबू म्हणाले. “साहेब रजेवर आहेत.”

रविवारी सकाळी सव्वानऊला मी पुलावर होतो. फलकावर कापड टाकलेले होते. पेंटर शिडीखाली बसला होता. मी त्याला शेरा दाखवला, त्याची नक्कल मी हाताने करून आणली होती. त्याने ती निगुतीने वाचली. “यावर सही नाही. कागद नाही तर हात नाही.” मग त्याने आपली चिंधी आणि टर्पेंटाइनची बाटली शिडीच्या पायरीवर ठेवली. “मी चहाला जातोय. शिडी इथेच आहे. तुमचे हात तुमचे.”

तो एक गोष्ट सांगायला विसरला. सकाळी आठ वाजता त्याने सगळ्या फलकावर वार्निशचा शेवटचा हात दिला होता.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कापडाच्या मागे शिरून शिडी चढलो. ‘क’ माझ्या छातीएवढा होता. डावा खांदा फलकाला टेकवून उजव्या हाताने मी शेपूट पुसू लागलो. टर्पेंटाइन भरपूर ओतले, ते खांद्याखालीही गेले. शेपूट अर्धे निघाले असेल, तोच खाली मोटारीची दारे वाजली. नगराध्यक्ष वेळेआधी आले होते; अशी नोंद आमच्या दैनिकात याआधी कधी झालेली नाही. मी उतरायला निघालो. खांदा निघेना. जोर लावला, शिडी हलली, मी थांबलो. खाली कोणीतरी प्रास्ताविक उरकले. टाळ्या झाल्या. कापड सरकले.

समोर नगराध्यक्ष होते, बाबू होते, गच्चीवरचे सर्व एकोणसाठ सहीवाले होते आणि पुलावर थांबलेली नदीपलीकडची बस होती. बसच्या खिडकीत मांडीवर आमचा अंक पसरून व्याही बसले होते.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मग अर्जकाका म्हणाले, “चिकटले!”

मला सोडवायला पेंटर चढला, खालून व्याह्यांनी माझे पाय धरले. “घाबरू नका, व्याही,” ते म्हणत होते, “हो हो, धरलंय, हो हो.” मला एवढेच सांगायचे आहे, की त्यांनी खरोखरच धरले होते. तीन म्हणताच पेंटरने ओढले. मी सुटलो. माझ्याबरोबर टर्पेंटाइनने सैल झालेला रंगही सुटला. शेपूट गेले, पण त्याबरोबर उरलेले अक्षरही गेले आणि माझ्या सदऱ्याच्या खांद्यावर उलटे उमटले. फलकावर राहिले : ‘चि ट माणसांच्या शहरात आपले स्वागत’.

मुलगी बसमधून उतरून जवळ आली. तिने अंक हातात घट्ट धरला होता, सहावे पान बाहेरच्या बाजूला. मी शिडीवर बसूनच म्हणालो, “तो मथळा मी—”

“वाचलं, बाबा.” ती माझ्या खांद्यावरचा उलटा ‘क’ बघत होती. हसू दाबत होती की दुसरे काही, ते उन्हामुळे मला नीट दिसले नाही. “समासात ‘मजकूर पाहा’ असंच लिहिलं होतंत ना?”

“हो.”

“वाटलंच मला. पहिल्या दिवशीच.” आणि तिने मला हात देऊन खाली उतरवले.

सोमवारच्या अंकातली छायाचित्राची ओळ मीच तपासली : ‘फलकाचे अनावरण. डावीकडून नगराध्यक्ष, फलक आणि एक नागरिक.’ शोधकबाईंनी ‘एक नागरिक’वर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले. मी ते खोडून माझे पद लिहिले. त्यांचा मेमो त्याच दिवशी मागे घेण्यात आला.

साहेबांची सही सोमवारी झाली, पण ती शेपूट पुसण्यासाठी होती. आता शेपूट नसल्यामुळे आणि नवे अक्षर हे नवे काम असल्यामुळे वेगळी फाइल उघडली आहे. काल संध्याकाळी साडेपाचपर्यंत ती सात नंबरच्या टेबलावर होती. मी तिथे खुर्ची घेऊन बसलो होतो. फलकावरची जागा अजून रिकामी आहे. येणारेजाणारे आपापल्या मनाप्रमाणे वाचतात.

मुलीने तिकडे वर्गात फळ्यावर ‘चि ट’ लिहून मुलांना रिकामी जागा भरायला सांगितली. चाळीस मुलांनी कागद दिले आहेत. तिने ते अजून तपासलेले नाहीत.